टिळकवाडीतला एक दंत दवाखाना: रक्त लवकर न थांबणाऱ्यांच्या बाजूने

बेळगावच्या टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हा दंत दवाखाना आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण डॉक्टरबाईंनीच तशी विनंती केली. नाव वाचून हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा, एखादा रुग्ण गाल सुजलेल्या अवस्थेत, फॅक्टरची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या इंजेक्शनची, कसलीही सोय न करता, चिकोडीहून किंवा लोंढ्याहून थेट दारात येऊन उभा राहिला, तर त्याला परत पाठवणे जिवावर येते आणि तसाच हात लावणेही शक्य नसते, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटले. त्यामुळे पत्ता सांगण्यापेक्षा असा दवाखाना ओळखावा कसा, हे सांगण्यावर मी भर देणार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना तेच अधिक उपयोगाचे वाटेल.

लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की मी स्वतः हिमोफिलिया ‘ए’चा रुग्ण आहे. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी आठव्या क्रमांकाचा घटक, ज्याला आम्ही सगळे ‘फॅक्टर एट’ म्हणतो, तो माझ्या रक्तात चार टक्के आहे. एक टक्क्याच्या खाली असेल तर आजार तीव्र, एक ते पाचच्या दरम्यान मध्यम आणि त्याहून वर चाळिसापर्यंत सौम्य मानतात, त्या हिशेबाने मी मध्यम. माझ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याचा फॅक्टर तीन टक्के आहे. एका घराण्यात आजाराची तीव्रता साधारण सारखीच उतरते. आमच्याकडे मुलाला वरचे दात आधी आले तर ते मामाला वाईट असे मानतात. या भाच्याला खरोखरच वरचे दात आधी आले होते, आणि बहिणीच्या सासूबाई तेव्हा काही दिवस माझ्याकडे मोठ्या काळजीने पाहत असत. प्रत्यक्षात व्यवहार उलटा होता: आमच्या आईकडून जे मला मिळाले, तेच बहिणीच्या मार्गाने त्या पोराकडे गेले होते.

माझी स्वतःची कथा थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय या दवाखान्यात मला काय आवडले ते कळणार नाही. १९९८ साली, विशीत असताना, तालुक्याच्या ठिकाणी एका दंतवैद्याकडे मी खालची किडलेली दाढ काढून घेतली. तोवर आजाराचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ‘याचे रक्त पातळ आहे’ एवढेच लहानपणापासून म्हणत आले होते, आणि गुडघा सुजला की लेप लागत असे. दंतवैद्याने काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. दाढ निघाली, कापूस दाबला, घरी आलो. संध्याकाळपर्यंत सगळे ठीक होते. रात्री उशी भिजली. दुसऱ्या दिवशी दाढेच्या जागी काळपट, लिबलिबीत, कलेजीच्या तुकड्यासारखी गुठळी आली. ती काढून टाकली की खालून पुन्हा झिरपायला लागायचे. तिसऱ्या दिवशी जिभेखाली सूज आली, थुंकी गिळवेना, तेव्हा वडिलांनी मिरजेला नेले. तिथे क्रायोप्रेसिपिटेटच्या, म्हणजे दात्यांच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या गोठवणाऱ्या भागाच्या, पिशव्या चढवल्यावर रक्त थांबले आणि तिथेच आजाराचे नाव पहिल्यांदा ऐकले. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागे खोलवर भुलीचे इंजेक्शन देतात. ते फॅक्टर न देता दिले, तर आतल्या आत रक्त साकळून श्वासाची वाट दाबली जाऊ शकते, हे मला बऱ्याच वर्षांनी समजले. त्या दंतवैद्यावर माझा राग नाही. मात्र पुढची पंचवीस वर्षे मी कोणत्याही दंतवैद्याच्या खुर्चीत बसलो नाही आणि त्याचा भुर्दंड माझ्या हिरड्यांना पडला.

भाच्याचे प्रकरण वेगळे निघाले. त्याचे वरचे पुढचे दोन मोठे दात आले, पण त्या दोघांच्या बरोबर मध्ये तिसराच एक दात उगवला: बारीक, शंकूच्या आकाराचा, तासलेल्या पेन्सिलीच्या टोकासारखा. शेजारचे दोन्ही दात त्याने बाजूला रेटले होते आणि त्यातला एक तर कड फिरवून उभा राहिला होता. शाळेत पोरे त्याला ‘उंदीर’ म्हणू लागली. या मधल्या जादा दाताला दंतवैद्यकात मेसिओडेन्स म्हणतात. तो मुलींपेक्षा मुलांमध्ये साधारण दुपटीने आढळतो, आणि एरवी अशा दाताचे कोणाला फारसे कौतुक नसते. आला, काढला, विषय संपला. आमच्याकडे तो काढायचा कसा, इथूनच विषय सुरू झाला.

आधी दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी हिमोफिलिया हा शब्द ऐकताच ‘असल्या केसेस आम्ही घेत नाही’ असे सांगून फाइल परत सरकवण्यात आली. कुठे जावे, हेही कोणी सांगितले नाही. दुसऱ्या ठिकाणचा अनुभव वरकरणी चांगला आणि खरे म्हणजे अधिक वाईट होता. त्यांनी शेजारच्या लॅबमधून ‘बीटी-सीटी’, म्हणजे रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, करून आणायला सांगितली, ती नॉर्मल आली, आणि ‘काही होत नाही, आत्ताच काढून टाकू’ म्हणत हातमोजे चढवले. बहिणीने मुलाला खुर्चीतून उतरवले, हे तिचे उपकार. बोटाला टोचून रक्त किती मिनिटांत थांबते हे पाहण्याची ‘बीटी’ चाचणी प्लेटलेट्सचे काम तपासते. हिमोफिलियात प्लेटलेट्स धडधाकट असतात. त्या जखमेचे तोंड तात्पुरते बुजवतात, म्हणून बोट वेळेवर थांबते. त्या बुजवणीवर जे पक्के जाळे विणले जायला हवे ते विणले जात नाही, आणि म्हणून तासाभराने किंवा रात्री पुन्हा वाहू लागते. जोडीची ‘सीटी’ इतकी ढोबळ असते की फॅक्टर अगदीच तळाला गेला असेल तरच ती बहुधा काही बोलते. हा आजार पकडायचा तर एपीटीटी ही गोठण्याची अधिक बारीक चाचणी आणि प्रत्यक्ष फॅक्टरचे मोजमाप लागते. नकार देणाऱ्या डॉक्टरपेक्षा ‘बीटी-सीटी नॉर्मल आहे’ म्हणणारा डॉक्टर आमच्यासाठी जास्त धोक्याचा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

टिळकवाडीच्या दवाखान्याचे नाव सरकारी रुग्णालयात भाच्याला फॅक्टरचे इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेकडून समजले. पहिल्या भेटीला आम्ही तिघे खानापूरहून बसने गेलो. महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे बहिणीला तिकीट पडत नाही, मला पूर्ण पडते आणि भाच्याला अर्धे, यावर तो सारा रस्ता हिशेब करत होता. त्या पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी चाळीस मिनिटे घालवली आणि दाताला आरसा लावण्यापलीकडे काहीही केले नाही. मला सगळ्यात आवडले ते हेच.

त्या चाळीस मिनिटांत त्या नुसत्या विचारत होत्या. फॅक्टरचा शेवटचा डोस कधी झाला, तो घेतल्यावर सूज नेहमीसारखी उतरते की हल्ली उतरत नाही, दुधाचे दात पडताना किती वेळ रक्त आले, पावडर-गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात आणखी कोणाला आहे. मग बहिणीकडे वळून, ‘तुमचं स्वतःचं कसं आहे? बाळंतपणात जास्त गेलं होतं का?’ असे त्यांनी विचारले. बहीण गप्प झाली. तिला तो प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. आई म्हणजे केवळ वाहक, तिला काही होत नसते, असेच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरबाईंची मातृभाषा कन्नड आहे, मराठी त्या बेळगावची बोलतात. ‘सांगा की, लाजायचं काय त्यात’ असे म्हटल्यावर बहिणीने धाकट्या मुलीच्या वेळची हकीकत सांगितली आणि डॉक्टरबाईंनी तिच्याही नावाची चिठ्ठी लिहिली: फॅक्टर एट तपासावा. त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

मग फोटो काढले. जबड्याचा संपूर्ण फोटो, ज्याला ओपीजी म्हणतात, त्यात एक नवीच गोष्ट दिसली: उगवलेल्या जादा दाताच्या वर, हाडाच्या आत, तसाच दुसरा एक दात उलटा, म्हणजे टोक नाकाच्या दिशेला करून बसला होता. तो ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या, हे एका फोटोवरून कळत नाही. म्हणून त्यांनी त्या जागेचे दोन छोटे फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढले आणि मला बोलावून पडद्यावर दाखवले. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे ही युक्ती मला फार आवडली. एक डोळा मिटून समोर दोन बोटे मागेपुढे धरावीत आणि मान डावीकडे न्यावी, तर मागचे बोट मानेबरोबर डावीकडे सरकल्यासारखे वाटते आणि पुढचे उलट दिशेला. तसेच क्ष-किरणांची नळी ज्या बाजूला सरकवली त्याच बाजूला त्या दाताची सावली सरकली होती. अर्थात तो मागे, टाळूच्या बाजूला होता.

पुढचा निर्णय सांगताना त्यांनी अजिबात घाई केली नाही. ‘खालचा काढायचा, वरचा राहू दे.’ उलटा दात काढायचा म्हणजे टाळूची त्वचा उचलून हाड कोरणे आले, आणि एवढ्या जखमेसाठी फॅक्टर एकदाच देऊन भागणार नाही, कित्येक दिवस द्यावा लागेल. तो आज कोणाच्या मुळाला धक्का देत नाही, त्याच्याभोवती पाण्याची पिशवी धरलेली नाही, तर वर्षातून एकदा फोटो काढून त्याच्यावर नजर ठेवावी. रक्तस्रावाचा आजार नसता तर कदाचित एकाच बैठकीत दोन्ही काढण्याचा विचार केला असता, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. काय करायचे नाही हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा डॉक्टर माझ्या पाहण्यात कमी आला आहे.

त्यानंतर तीन आठवडे काहीच झाले नाही असे बाहेरून वाटले असते. प्रत्यक्षात त्यांनी आमच्या रक्ततज्ज्ञांना पत्र पाठवले, इनहिबिटरची तपासणी करून घ्यायला लावली आणि उत्तर येईपर्यंत तारीख दिली नाही. बाहेरून फॅक्टर घेणाऱ्या काही रुग्णांच्या शरीरात त्याच फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच इनहिबिटर, तयार होतात, आणि मग कितीही बाटल्या दिल्या तरी त्या वाया जातात. ही गोष्ट दात निघाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. भाच्याची तपासणी निर्दोष आली. मधल्या काळात त्याच्या वरच्या दातांचे माप घेऊन प्लॅस्टरचा साचा केला, साच्यावरचा जादा दात कोरून टाकला आणि त्या मापाची मऊ, पारदर्शक पट्टी आधीच बनवून ठेवली. दात निघाल्यावर ती बसवायची, म्हणजे जिभेचा आणि घासाचा धक्का गुठळीला लागणार नाही.

दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर त्या दिवसाचे गणित लिहिलेले होते, ते मी उतरवून घेतले. फॅक्टर एट वजनाच्या दर किलोमागे एक युनिट दिला की रक्तातले प्रमाण साधारण दोन टक्क्यांनी चढते. भाच्याचे वजन २४ किलो. पन्नास टक्क्यांपर्यंत न्यायचे तर सुमारे ६०० युनिट हवेत. बाटल्या २५०, ५०० आणि १००० युनिटच्या येतात. म्हणून ५०० ची एक आणि २५० ची एक, एकूण ७५०, आणि विरघळवलेले औषध ठेवून उपयोग नाही म्हणून सगळे द्यायचे, म्हणजे प्रमाण साठच्या वर जाईल. हा फॅक्टर आठ ते बारा तासांत निम्म्यावर येतो, तेव्हा इंजेक्शन आणि चिमटा यांच्यामध्ये एका तासापेक्षा जास्त अंतर नको. हे आकडे एका मुलाचे आहेत. इतर कोणाचे गणित त्याच्या रक्ततज्ज्ञानेच मांडायचे आहे, हे सांगायला नकोच.

सकाळी साडेनऊला सरकारी रुग्णालयात फॅक्टर मिळाला. तो तिथे विनामूल्य मिळतो, ही फार मोठी गोष्ट आहे; विकत घ्यायचा म्हटला तर आमच्यासारख्यांनी दातासकट घरी बसावे. तिथून रिक्षाने टिळकवाडी. दवाखान्यात साडेदहाची वेळ आमच्यासाठी मोकळी ठेवलेली होती, आणि बाहेर चार माणसे बसलेली असतानाही आम्हाला थेट आत घेतले. ट्रॅनेक्झामिक ॲसिडची पहिली गोळी घरूनच देऊन निघालो होतो. या औषधाबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. तोंडातली जखम इतर जखमांपेक्षा जास्त त्रास देते, कारण थुंकीतच गुठळी विरघळवणारी द्रव्ये असतात. फॅक्टरने गुठळी बांधायची आणि थुंकीने ती सोडवायची, असा खेळ चालतो. जपानमधल्या ओकामोतो दांपत्याने १९६२ साली पुढे आणलेले हे औषध गुठळीला त्या विरघळण्यापासून वाचवते. फॅक्टरच्या तुलनेत ते मातीमोलाने मिळते, आणि आमच्या दातांच्या बाबतीत निम्मे काम तेच करते.

दात काढण्याचे काम जेमतेम काही मिनिटांचे होते. वरच्या पुढच्या दातांसाठी खोल इंजेक्शन लागत नाही. ओठाच्या आतून आणि टाळूला थोडी भूल दिली की भागते. टाळूला टोचताना पोर कळवळले. सुई अगदी हळू, थेंबाथेंबाने सोडत त्या त्याच्याशी रेल्वे गेटाच्या पुलाविषयी बोलत होत्या. चिमट्याने ओढाताण झाली नाही. पातळ पात्याने दाताभोवतीची पकड आधी सैल केली आणि मग दात जणू पिकलेल्या फळासारखा हातात आला. खड्ड्यात ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचा लहानसा तुकडा ठेवला. तो पांढरा, मलमलीसारखा असतो. रक्त लागताच काळा पडून चिकटतो. त्यावर आपोआप विरघळणाऱ्या धाग्याचे दोन टाके घातले, कारण साधे टाके आठवड्याने काढायचे म्हटले की पुन्हा रक्त. मग गॉझ, मग पट्टी. भिंतीवरच्या घड्याळाखाली त्याला बसवून ठेवले आणि पूर्ण एक तास घरी सोडले नाही. एका तासात गॉझवर जेवढा लाल डाग पडला तो आठ आण्याच्या नाण्याएवढाही नव्हता. १९९८ ची उशी आठवून मी थोडा वेळ बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो.

घरी नेताना मिळालेला कागद जपून ठेवण्यासारखा आहे. वेदनेसाठी फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक नको, आणि मुख्य म्हणजे औषधाच्या दुकानात ‘दातदुखीची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या जोडगोळ्यांत यातलेच एखादे पॅरासिटामॉलसोबत दडलेले असते, म्हणून पाकीट वाचून घ्यावे. इंजेक्शन दंडात किंवा कमरेत स्नायूमध्ये घेऊ नये. सात दिवस ट्रॅनेक्झामिक ॲसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. जेवण गार आणि मऊ: पेज, ताकभात, नाचणीची आंबील. चूळ खळखळून भरायची नाही.

पाचव्या रात्री हे सारे शहाणपण चिरमुऱ्यांनी उधळले. भाच्याने पट्टी काढून उशाशी ठेवली आणि आजीच्या डब्यातले मूठभर भडंग अंधारात खाल्ले. दहाच्या सुमारास बहिणीचा फोन आला: ‘दादा, लाल थुंकतोय.’ मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. त्यांच्या सांगण्यावरून ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या इंजेक्शनची एक कुपी आम्ही आधीच घरी आणून ठेवली होती. पाच मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम, त्यात तेवढेच उकळून गार केलेले पाणी घातले की पाच टक्क्यांचे द्रावण होते. त्यात गॉझ भिजवून जागेवर दाबायचे, वीस मिनिटे घड्याळ लावून, आणि मध्ये एकदाही उचलून बघायचे नाही. ‘बघू नका हं, सगळे बघतात आणि तिथंच घोटाळा होतो,’ असे त्या दोनदा म्हणाल्या. वीस मिनिटांत नाही थांबले तर रात्रीच रुग्णालय गाठून फॅक्टर घ्यायचा, हेही ठरले. जांबोटीच्या बाजूच्या त्या गावातून रात्री गाडी मिळवणे म्हणजे काय ते तिकडच्यांनाच ठाऊक. अठराव्या मिनिटापर्यंत बहीण फोनवर मोठ्याने मिनिटे मोजत होती. थांबले.

या सगळ्यात माझेही एक काम झाले. भाच्याला खुर्चीत बसवायचे तर मामाने आधी बसून दाखवावे, असा डाव डॉक्टरबाईंनी टाकला आणि मी त्यात सापडलो. पंचवीस वर्षांत ब्रश लावला की रक्त येते म्हणून मी हळूहळू ब्रशच सोडला होता. ब्रश सोडला म्हणून कीटण साचले, कीटणामुळे हिरड्या सुजल्या आणि सुजल्या म्हणून अधिकच रक्त येऊ लागले. आमच्या आजारात हे चक्र फार जणांचे चालते. त्यांनी दोन बैठकींत, एका वेळी अर्धे तोंड, असे दात साफ केले, तेही फॅक्टरशिवाय, केवळ ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गुळण्यांवर. दुसऱ्या बैठकीनंतर साधारण महिन्याने पहिल्यांदाच ब्रशवर गुलाबी रंग आला नाही. आमच्या आजी मिसरी लावून शंभर पाहुण्यांना दातांचे सल्ले देत असत, त्यांना हे दाखवायला हवे होते.

आता तक्रारी. जिना अरुंद आहे आणि त्याला एका बाजूला कठडाच नाही. ज्या आजारात गुडघ्यांत रक्त साकळून सांधे झिजतात, त्या आजाराच्या रुग्णांना घेणाऱ्या दवाखान्याला हे शोभत नाही. मी स्वतः तो जिना आडवा होऊन, एकेक पायरी चढतो. स्वागताला बसणारी मुले दर दोन महिन्यांनी बदलतात, आणि प्रत्येक नव्या मुलाला हिमोफिलिया म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगावे लागते. एकाने तर ‘मग आज बीपी बघायचं काय?’ असे विचारले. वेळ पाळली जाते ती फक्त फॅक्टरच्या दिवशी. एरवी साडेअकराची वेळ घेऊन मी एकदा सव्वा वाजेपर्यंत बसलो आहे. रविवारी फोन बंद असतो, आणि त्या दिवशी कोणाला विचारावे हे कागदावर लिहिलेले नाही. पाचव्या रात्रीऐवजी चिरमुरे चौथ्या रात्री, म्हणजे रविवारी खाल्ले असते तर, हा विचार मी करत नाही.

खर्च मला वाजवी वाटला. फोटो, पट्टी, दात काढणे आणि नंतरच्या दोन तपासण्या मिळून आम्हाला चार हजार आठशे रुपये पडले. यात फॅक्टर नाही, तो सरकारी. काम झाल्यावर बहिणीने मोठ्या प्रेमाने कुंद्याचे पाकीट नेले. डॉक्टरबाईंनी ते हसून परत केले आणि दातांच्या दवाखान्यात कुंदा आणणारे तुम्ही या महिन्यातले सहावे, असे सांगितले. पाकीट परतीच्या बसमध्ये मी आणि बहिणीने संपवले. भाच्याला मिळाला त्याचा दात, एका छोट्या बाटलीत. दुधाचे दात त्याची आजी शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकते, पण हा दात मोजणीतला नाही, मग तो टाकायचा की नाही यावर घरात एकमत झाले नाही, आणि ती बाटली सध्या त्याच्या कंपासपेटीत आहे.

बहिणीच्या चिठ्ठीचे सांगायचे राहिले. तिचा फॅक्टर ३६ टक्के निघाला. चाळीसच्या खाली असेल तर बाईलाही सौम्य हिमोफिलियाची रुग्ण म्हणायचे, तिला नुसते वाहक म्हणून सोडून द्यायचे नाही. तिची एक अक्कलदाढ वर्षभरापासून अधूनमधून ठणकते, आणि पहिल्या दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी ती त्याच दिवशी, मुलाबरोबरच, काढून घेणार होती. आता तिची स्वतःची फाइल झाली आहे, रक्ततज्ज्ञांना तिच्या नावाचे पत्र गेले आहे आणि उत्तर येईपर्यंत तिलाही तारीख मिळालेली नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी फॅक्टर देणाऱ्या रुग्णालयातच चौकशी करावी. तिथून पत्ता मिळतो आणि फॅक्टरची तजवीजही तिथेच होते. जाताना फॅक्टरच्या मोजमापाचा जुना कागद, इनहिबिटरची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल आणि सध्याचे वजन एवढे बरोबर असावे. आणखी एक गोष्ट. काम सुरू करण्याआधी जे संमतिपत्र सही करायला देतात ते कन्नड आणि इंग्रजीत आहे. रक्तस्राव पुन्हा सुरू झाला तर काय करायचे, हे त्यातल्याच चौथ्या परिच्छेदात लिहिले आहे, आणि माझ्या बहिणीने ते न वाचता सही केली, कारण तिला मराठीखेरीज दुसरे वाचता येत नाही. मी हे बोलून दाखवल्यावर डॉक्टरबाई ‘तुम्हीच करून द्या की सर’ म्हणाल्या. मराठी मसुदा मी फेब्रुवारीतच नेऊन दिला. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा तो टेबलाच्या काचेखाली नीट ठेवलेला होता. छापायला मात्र अजून गेलेला नव्हता.